जुन्या विलीज पिकअपचा गिअरबॉक्स: सेकंड का सुटतो आणि बॉक्स नीट कसा बांधायचा

सेकंड गिअरमध्ये उतारावरून खाली येताय, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि दांडा आपोआप खटकन न्यूट्रलला आला. जुनी विलीज पिकअप किंवा जुनी जीप ज्यांच्याकडे आहे त्यांना हा प्रकार चांगला ओळखीचा असेल, आणि त्यातले बरेच जण दांडा हाताने दाबून धरत वर्षानुवर्षं गाडी चालवतात. गॅरेजला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ब्रास रिंग (गिअर टाकताना वेग जुळवणारं पितळी कडं) गेली, बदलून टाकू. रिंग बदलतात, थोडे दिवस बरं चालतं, मग परत तेच सुरू. खरं दुखणं बहुतेक वेळा रिंगमध्ये नसतंच, ते असतं प्लेमध्ये, म्हणजे शाफ्ट, गिअर, वॉशर, फोर्क या सगळ्यांमध्ये झिजून झिजून जो खेळ तयार झालेला असतो त्यात. तो खेळ कुठे आहे ते शोधून परत मापात आणला की बॉक्स अजून कित्येक वर्षं चालतो, आणि तो तसाच ठेवून वरून नवी रिंग घातली की ती रिंगसुद्धा लवकरच जाते. तर हे सगळं पहिल्यापासून समजून घेऊ, स्वतः पाना हातात घेणार नसाल तरी चालेल, निदान फिटरशी बोलताना काय विचारायचं ते तरी कळेल.

आधी गाडीबद्दल थोडं. विलीज-ओव्हरलँड कंपनीने अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलीडो गावात ही पिकअप १९४७ पासून बनवली आणि ती १९६५ पर्यंत चालू राहिली, मधे १९५३ मध्ये कंपनी कायझरकडे गेली पण गाडीचा सांगाडा तोच. फोर व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये बोर्ग-वॉर्नरचा टी-९० हा तीन स्पीडचा बॉक्स असायचा आणि त्याच्या पाठीला चिकटून स्पायसरचा मॉडेल १८ ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा. हाच टी-९० युद्धानंतरच्या नागरी जीपमध्येही आला. आता आपल्याशी संबंध असा की महिंद्राने १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला घेतल्या, पुढे सीजे-३बी हे जीपचं मॉडेल इथंच बनायला लागलं आणि त्यातही हाच बॉक्स होता. त्यामुळे शेतावर उभी असलेली बापजाद्यांची जीप तुमच्याकडे असेल तर खाली जे लिहिलंय ते जवळपास जसंच्या तसं लागू पडतं.

बॉक्सच्या आत काय चालतं ते कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून इथं जरा थांबू. आत वरच्या बाजूला एका रेषेत दोन शाफ्ट असतात. पुढचा इनपुट शाफ्ट, तो क्लच प्लेटमधून इंजिनची ताकद घेतो. मागचा मेन शाफ्ट, तो ताकद ट्रान्सफर केसकडे नेतो. मेन शाफ्टचं पुढचं टोक इनपुट शाफ्टच्या पोटात छोट्या रोलरवर बसलेलं असतं, म्हणजे दोघं एकमेकांना टेकून आहेत पण फिरतात वेगवेगळे. या दोघांच्या खाली क्लस्टर गिअर, म्हणजे एकाच तुकड्यातले तीन-चार गिअर, आणि तो काउंटर शाफ्ट नावाच्या एका न फिरणाऱ्या दांड्यावर नीडल रोलरवर गरागरा फिरतो. इनपुट शाफ्टचा गिअर कायम क्लस्टरला लागलेला असतो, त्यामुळे इंजिन चालू आणि क्लच पेडल वर असलं की न्यूट्रलमध्येसुद्धा क्लस्टर फिरतच असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, आवाज ओळखताना कामाला येणार आहे.

सेकंडचा गिअरही कायम क्लस्टरला लागलेला असतो, पण तो मेन शाफ्टवर मोकळा फिरतो, शाफ्टला पकडत नाही. तुम्ही दांडा सेकंडला टाकता तेव्हा गिअर सरकत नाही, एक स्लीव्ह, म्हणजे आतून दाते असलेलं कडं, सरकते आणि ती या मोकळ्या गिअरला शाफ्टशी जखडते. थर्ड टाकला की तीच स्लीव्ह पुढं जाऊन इनपुट शाफ्टला मेन शाफ्टशी थेट जोडते, ताकद सरळ रेषेत मागं जाते, क्लस्टर नुसता फिरत राहतो, त्याच्यावर लोड नाही. फर्स्ट आणि रिव्हर्सचं वेगळं आहे, तिथं सरळ दात्यांचा एक गिअर खरोखर शाफ्टवर मागंपुढं सरकतो आणि दात्यात दाते घालतो, सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणारी यंत्रणा) वगैरे काही नाही. म्हणून टी-९० मध्ये फर्स्ट हा गाडी थांबल्यावर टाकायचा गिअर, आणि चालत्या गाडीत टाकायचाच असेल तर डबल क्लच, म्हणजे मधे न्यूट्रलला क्लच सोडून परत दाबणं, आलंच पाहिजे.

सिंक्रोची गरज आकड्यांनी लगेच कळते. या बॉक्सचं नेहमीचं रेशो फर्स्ट २.७९८, सेकंड १.५५१, थर्ड १. समजा सेकंडमध्ये मेन शाफ्ट मिनिटाला २००० फेरे फिरतोय, म्हणजे इंजिन ३१०० च्या आसपास आहे. आता थर्ड टाकायचा, तर इनपुट शाफ्ट आणि मेन शाफ्ट दोघंही २००० वर यायला हवेत, म्हणजे क्लच प्लेट आणि इनपुट शाफ्ट यांचा वेग क्षणात ११०० फेऱ्यांनी उतरायला हवा, आणि क्लस्टरचाही त्याच प्रमाणात. हे काम ब्रास रिंग करते. रिंगची आतली बाजू शंकूसारखी असते, ती गिअरच्या शंकूवर दाबली जाते आणि घर्षणाने त्याचा वेग स्वतःच्या वेगाला आणते, आणि वेग जुळेपर्यंत स्लीव्हला पुढं जाऊच देत नाही. चालत्या लोकलच्या बरोबरीने पळत वेग जुळला की मगच पाय आत टाकावा, तसंच. रिंगच्या आत बारीक आट्या कापलेल्या असतात, त्या मधलं तेल फोडून धातूला धातू टेकू देतात. आट्या झिजून गुळगुळीत झाल्या की रिंग तेलावरून घसरते, वेग जुळत नाही आणि गिअर टाकताना कर्रर्र आवाज येतो.

म्हणजे रिंग गेली की गिअर टाकताना करकर होते. गिअर पडल्यावर तो सुटणं हा वेगळा आजार आहे, एकदा स्लीव्ह पूर्ण बसली की रिंगचं काम संपतं. कर्कर आणि सुटणं या दोन तक्रारींची गल्लत होते म्हणूनच एवढ्या रिंगा वाया जातात, असं माझं अगदी ठाम मत आहे.

मग सेकंड सुटतो का? क्लस्टर आणि सेकंडच्या गिअरचे दाते तिरके कापलेले असतात, आवाज कमी यावा म्हणून. तिरक्या दात्यांचा गुण असा की ते फिरताना गिअरला शाफ्टच्या लांबीच्या दिशेनेही ढकलतात. अ‍ॅक्सिलरेटर दिला की एका बाजूला, पाय काढला आणि गाडी इंजिनला ओढायला लागली की उलट बाजूला. क्लस्टरच्या दोन्ही टोकांना आणि सेकंडच्या बाजूला ठरावीक जागा आणि वॉशर असतात ते हा धक्का झेलायलाच. वॉशर झिजले की जागा वाढते, आणि प्रत्येक वेळी पाय काढला की गिअर तेवढा जास्त सरकतो आणि आपटतो. त्यात सेकंडच्या बाजूचे छोटे दाते, ज्यांना स्लीव्ह पकडते, ते गोल झालेले असले तर ते स्लीव्हला धरून ठेवायच्या ऐवजी बाहेर ढकलायला लागतात. आता स्लीव्हला जागेवर ठेवायला उरते फक्त वरच्या कव्हरमधली गोळी आणि स्प्रिंग, जी रेलच्या, म्हणजे फोर्क ज्या सळईवर बसतो तिच्या, खाचेत बसते. ती स्प्रिंग पन्नास-साठ वर्षांची, थकलेली. झालं, गिअर सुटला.

मेन शाफ्टचं पुढचं टोक ज्या रोलरवर बसतं ते रोलर झिजले असले तरी हेच होतं, कारण मग दोन शाफ्ट एका रेषेत राहत नाहीत आणि लोड आला की मधे किंचित मोडल्यासारखे होतात. इंजिन आणि बॉक्स यांना जोडणारी बेलहाउसिंग वाकडी बसली असली तरी तेच. स्लीव्हला सरकवणारा फोर्क झिजून पातळ झाला असेल तर स्लीव्ह मुळात पूर्ण आत जातच नाही, अर्ध्याच दात्यावर लटकते. आणि एक कारण असं आहे की बॉक्सच्या आत शोधून ते सापडणारच नाही, ट्रान्सफर केसमध्ये मेन शाफ्टच्या मागच्या टोकावर जो गिअर बसतो त्याचा नट ढिला असणं. तो नट मेन शाफ्टला मागच्या बेअरिंगशी घट्ट धरून ठेवतो, तो ढिला झाला की अख्खा शाफ्ट मागंपुढं होतो. बॉक्स उघडायच्या आधी मागचं झाकण काढून हा नट बघायलाच पाहिजे, फुकटात सुटणारा प्रश्न असू शकतो.

गाडी उभी असतानाच बरंच काही ओळखता येतं, त्यासाठी कान चांगले हवेत आणि घाई नको. इंजिन चालू, न्यूट्रल, पाय क्लचवरून काढलेला, घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा क्लस्टरचे नीडल, कारण क्लच दाबला की हे सगळं थांबतं. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग किंवा क्रँकच्या टोकातला छोटा पायलट बुश बघा, दोन्ही बॉक्सच्या बाहेरचे. फर्स्ट आणि सेकंडला आवाज जोरात आणि थर्डला शांत, तर क्लस्टर, कारण थर्डमध्ये त्याच्यावर लोड नसतो. सगळ्या गिअरमध्ये आवाज आणि तो गाडीच्या वेगाप्रमाणे वाढतो, तर मेन शाफ्टचं मागचं बेअरिंग किंवा ट्रान्सफर केस. हे चार प्रकार कागदावर लिहून गॅरेजला न्या, फिटर चांगला असेल तर त्याला आनंदच होईल.

आता उतरवण्याबद्दल. ट्रान्सफर केससकट हा सगळा ओतीव लोखंडाचा गठ्ठा आहे आणि तो छातीवर घेऊन उतरवायचा प्रकार आपल्याकडे अजून चालतो, कृपा करून करू नका, गिअरबॉक्स जॅक भाड्याने मिळतो. अजून एक गोष्ट जी जीवावरची आहे. या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाला ड्रमवर असतो, त्यामुळे मागचा प्रॉपेलर शाफ्ट सोडला की हँडब्रेक असून नसल्यासारखा. गिअरमध्ये टाकून ठेवली आहे म्हणून निर्धास्त राहिलात तर तेही प्रॉपेलर शाफ्टवरच अवलंबून आहे. आधी चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे, मग बाकी सगळं.

तेल आधी काढा आणि ते फेकू नका, एखाद्या पसरट ट्रेमध्ये घेऊन उन्हात बघा. तळाशी राखाडी बारीक चिखल असेल तर साध्या झिजेचा आहे. सोनेरी चकाकी म्हणजे ब्रास रिंगा किंवा ब्राँझचे वॉशर झिजताहेत. चुंबकाला चिकटणारे तुकडे म्हणजे दाते किंवा रोलर तुटलेत, मग बॉक्स पूर्ण खोलल्याशिवाय गाडी अजिबात चालवायची नाही. तेल कमी निघालं आणि ट्रान्सफर केसमध्ये जास्त निघालं तर मधलं सील गेलंय, बॉक्स आतून कोरडा पडून झिजण्याचं हे नेहमीचं कारण, कारण बाहेर जमिनीवर थेंब नसतो आणि मालकाला वाटतं तेल आहे.

बॉक्स सरळ मागं ओढून काढायचा, इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत वजन जॅकवरच राहू दे. शाफ्टच्या टोकावर बॉक्स लटकला की क्लच प्लेट वाकते, आणि मग नवीन बांधलेल्या बॉक्समध्ये क्लच थरथरतो आणि लोक बॉक्सला दोष देत बसतात.

ट्रान्सफर केस वेगळी करायला तिचं मागचं छोटं झाकण काढायचं, आत मेन शाफ्टच्या टोकावरच्या नटाची कॉटर पिन काढायची, नट सोडायचा, गिअर ओढून काढायचा आणि मग केस मागं घ्यायची. इथं मेन शाफ्टला केसबरोबर मागं येऊ द्यायचं नाही, नाहीतर आतले सिंक्रोचे भाग सुटून खाली पडतात, म्हणून वरचं कव्हर आधी काढून सेकंड गिअरच्या लगेच मागं शाफ्टला तार गुंडाळून बांधून ठेवायची जुनी पद्धत आहे आणि ती फार चांगली आहे.

बॉक्स टेबलावर आला. मागच्या बाजूला काउंटर शाफ्ट आणि रिव्हर्स आयडलरचा (रिव्हर्ससाठी मधे लागणाऱ्या गिअरचा) शाफ्ट, या दोघांना धरणारी एक पट्टी असते, दोन्ही शाफ्टच्या खाचेत बसलेली, ती काढायची. मग काउंटर शाफ्ट पुढून मागं ठोकत काढायचा, पण नुसत्या सळईने नाही, त्याच जाडीची आणि क्लस्टरच्या लांबीपेक्षा किंचित कमी अशी डमी शाफ्ट टर्नरकडून बनवून घ्यायची आणि तिने खरा शाफ्ट ढकलायचा, म्हणजे सगळे नीडल डमीवर जागच्या जागी राहतात आणि क्लस्टर अलगद बॉक्सच्या तळाशी बसतो. मग जागा होते, इनपुट शाफ्ट पुढून निघतो, मेन शाफ्ट वरून बाहेर येतो, शेवटी क्लस्टर. डमी शाफ्टशिवाय खोलता येतो, पण बांधताना तेवढे नीडल ग्रीसने चिकटवत एक एक पडताना बघणं म्हणजे संयमाची परीक्षा, आणि एखादा कुठंतरी आत राहिला तर पुढं दात्यात जाऊन सगळा बॉक्स खलास करतो. लेथवाल्याला थोडे पैसे द्या आणि डमी बनवून घ्या.

सगळं केरोसिन किंवा डिझेलमध्ये धुवायचं आणि मग बघायचं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथंच द्यायचा, खोलायला आणि बांधायला लागतो त्यापेक्षाही जास्त. काउंटर शाफ्टवरून नख फिरवा, नीडल जिथं चालतात तिथं खड्डा किंवा पायरी लागली तर शाफ्ट बाद. नीडल घ्यायचे तर पूर्ण सेट नवीन, जुन्यात चार नवीन मिसळले की सगळा लोड त्या चारांवर येतो. क्लस्टरचं आतलं भोक पण बघा, नीडल त्याच्याही अंगावर चालतात, तिथं पापुद्रे निघाले असतील तर नवीन शाफ्ट आणि नवीन नीडल घालूनही आवाज जाणार नाही. गिअरच्या दात्यांचा वरचा थर तेवढाच कडक केलेला असतो, आतला भाग मऊ, त्यामुळे तुटलेला दाता वेल्डिंग करून घासून बसवतात ते माझ्या मते पैसे पाण्यात घालणं आहे, थोडे दिवस चालतो आणि तुटतो तेव्हा शेजाऱ्यालाही घेऊन जातो. फर्स्टच्या सरकत्या गिअरचे दाते एका टोकाला चिरफाळलेले जवळजवळ प्रत्येक जुन्या बॉक्समध्ये दिसतात, चालत्या गाडीत फर्स्ट टाकायच्या सवयीने, थोडे गोल असतील तर चालतं, दाता अर्धा गेला असेल तर नाही.

ब्रास रिंग तपासायची सोपी पद्धत म्हणजे ती गिअरच्या शंकूवर ठेवून हाताने दाबत फिरवायची. चांगली रिंग पकडते, झिजलेली घसरते. आणि रिंगची कड व गिअरचे छोटे दाते यांच्यामध्ये दाबल्यावर जागा उरायला हवी, ती फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून नव्या रिंगशी ताडून बघायची. जागा उरलीच नाही, रिंग दात्यांना टेकली, तर तिच्यात ब्रेक लावायची ताकद राहिलेली नाही. छोट्या दात्यांचं टोक टोकदार असायला हवं, आणि स्लीव्हच्या आतल्या दात्यांचंही, दोन्ही बघायचे, कारण नुसता गिअर बदलून जुनी गोल झालेली स्लीव्ह ठेवली की नवा गिअर तिच्यासारखा होतो.

आता जे फार कमी लोक बघतात, बॉक्सचा स्वतःचा बाहेरचा ओतीव डबा म्हणजे हाउसिंग. काउंटर शाफ्ट हाउसिंगच्या भोकात घट्ट बसला पाहिजे. तो हाताने हलत असेल तर भोक लांबट झालंय, मग क्लस्टर कितीही नवा असला तरी त्याचे दाते वरच्या गिअरला नीट भेटणार नाहीत आणि तेलही तिथून गळणार. चांगला टर्नर भोक मोठं करून बुश बसवू शकतो, पण मूळ केंद्र सांभाळून, नाहीतर दुसरं हाउसिंग शोधलेलं बरं. फोर्कचं टोक स्लीव्हच्या खाचेत घालून बघा, डगडगत असेल तर फोर्क बदला. वरच्या कव्हरमधल्या गोळ्या आणि स्प्रिंगा तर न विचारताच नवीन घाला, सगळ्यात स्वस्त भाग तोच आणि सेकंड धरून ठेवणाराही तोच. दोन रेलच्या मधे एक छोटा इंटरलॉकचा तुकडा असतो, तो दोन गिअर एकदम पडू देत नाही. धुताना तो निसटून पडतो आणि विसरला जातो, मग एक दिवस दोन गिअर एकदम लागतात आणि गाडी जागेवर जाम होते. कव्हर आडवं धरूनच खोला आणि तो तुकडा वेगळ्या डबीत ठेवा.

बांधताना क्रम उलटा. रिव्हर्स आयडलर आधी, मग डमी आणि नीडलसकट क्लस्टर तळाशी, वॉशर ग्रीसने चिकटवून, त्यांची शेपटी हाउसिंगच्या खाचेत बसली आहे ना ते बघून. मग सिंक्रोसकट मेन शाफ्ट, मग इनपुट शाफ्ट त्याच्या रोलरसकट, मग क्लस्टर उचलून खरा काउंटर शाफ्ट मागून आत घालायचा आणि त्याने डमी पुढून बाहेर ढकलायची, शाफ्टची खाच लॉक पट्टीच्या रेषेत ठेवून. सिंक्रो हबमध्ये तीन छोट्या पट्ट्या आणि दोन गोल स्प्रिंगा असतात, दोन्ही बाजूच्या स्प्रिंगा विरुद्ध दिशेने बसवायच्या, म्हणजे दोघींचा जोर पट्ट्यांवर सारखा येतो. बेअरिंग ठोकताना जी रिंग घट्ट बसणार आहे तिच्यावरच जोर द्यायचा, बाहेरची धरून आतली ठोकली की गोळ्यांच्या वाटेत खळगे पडतात आणि नवीन बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं.

काउंटर शाफ्ट बसला की लगेच क्लस्टरचा बाजूचा प्ले मोजायचा, फीलर गेज वॉशरच्या बाजूला घालून. टी-९० साठी मॅन्युअलमध्ये इंचाच्या १२ ते १८ हजारांश दिलेला आहे, म्हणजे साधारण ०.३० ते ०.४५ मिलिमीटर. वेगवेगळ्या जाडीचे वॉशर मिळतात, ते बदलून हा आकडा आणायचा. जास्त असेल तर वर सांगितलेला आपटण्याचा प्रकार, फारच कमी असेल तर तेल आत जाणार नाही आणि वॉशर जळेल. बाकी काही मोजायला वेळ नसला तरी हे एक मोजाच. आणि बाजारातून आणलेला नवीन वॉशर नवीन आहे म्हणून बरोबर असेलच असं धरू नका, बसवायच्या आधी प्रत्येक नवा भाग जुन्याच्या शेजारी ठेवून व्हर्नियरने मोजा.

पुढच्या बेअरिंगच्या झाकणाखाली जुन्या डिझाइनमध्ये तेल परत आत यायची वाट असते. पॅकिंग घालताना हे भोक बुजलं किंवा झाकण उलटं बसलं की तेल क्लच प्लेटवर जातं. पॅकिंग कापून घेतलं असेल तर भोकं हाउसिंगवर ठेवून तपासा आणि सिलंट चमच्याने ओतल्यासारखं लावू नका, आतला जादाचा थर तुटून तेलाच्या वाटा बंद करतो.

कव्हर लावायच्या आधी हाताने इनपुट शाफ्ट फिरवून न्यूट्रल, सेकंड, थर्ड, फर्स्ट, रिव्हर्स सगळे एक एक टाकून बघा. कुठंही अडणं, घट्ट-सैल होणं जाणवलं तर आत्ताच परत खोला, गाडीखाली झोपून परत काढण्यापेक्षा टेबलावर परत खोलणं लाख पटीने सोपं. मग ट्रान्सफर केस, तिच्या सीलसकट, नट मॅन्युअलच्या ताकदीने, नवीन कॉटर पिन, जुनी परत वाकवून नाही. क्रँकच्या टोकाचा पायलट बुश स्वस्त आहे, नवीन घाला. बॉक्स परत परत सेकंड सोडत असेल तर बेलहाउसिंगला डायल गेज लावून ती क्रँकशी सरळ रेषेत आहे का ते बघून घ्या, जुन्या गाड्यांमध्ये इंजिन बदललेलं असतं तिथं हे फार होतं.

तेलाबद्दल भांडणं होतात म्हणून स्पष्ट लिहितो. साधं ९० नंबरचं गिअर ऑइल, जीएल-४ दर्जाचं किंवा जुन्या पद्धतीचं साधं मिनरल. दुकानदार सर्रास जीएल-५ देतो, ते डिफरन्शियलसाठी असतं, तिथल्या दात्यांवर फार दाब येतो म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त प्रमाणात असतात. गरम झाल्यावर ही रसायनं पितळ आणि ब्राँझला खाऊ शकतात, शिवाय ते तेल शंकूवर फार निसरडं पडतं आणि रिंगला पकड लागत नाही. आता काही जीएल-५ तेलं पितळाला त्रास न देणारी म्हणून विकली जातात, पण ज्या बॉक्सच्या रिंगा मिळवायला एवढी खटपट केली त्यात हा धोका कशाला घ्यायचा. आणि बॉक्स व ट्रान्सफर केसमध्ये एकच तेल घाला, सील नवीन असलं तरी थोडंफार इकडचं तिकडे जातंच.

पहिले काही दिवस गाडी हलक्या हाताने, माल न भरता चालवा, सेकंडमध्ये चढ आणि उतार दोन्ही घ्या, उतारावर पाय काढून दांड्यावर बोट ठेवून बघा. दांडा थोडा थरथरला तर ठीक, मागे सरकायची ओढ लागली तर लगेच थांबवून आधी वरच्या कव्हरच्या गोळ्या-स्प्रिंगा आणि मागचा नट तपासा, बॉक्स न काढता होणारं काम तेवढंच आहे. चार-पाचशे किलोमीटर झाले की तेल गरम असतानाच बदला. पहिल्या तेलात थोडी सोनेरी चमक येणारच, नव्या रिंगा बसतायत म्हणून. दुसऱ्या वेळी काढलेल्या तेलात ती चमक तेवढीच दिसली तर क्लस्टरचे ब्राँझ वॉशर झिजतायत असं समजा आणि प्ले परत मोजा.